शेंदूर लावलेलं इंजिन

आमच्या घरी मोटार आली तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि माझं लग्नही. मोटार आणि मी, ह्या दोन्ही नव्या वस्तू बघायला गाव सारखंच लोटलं. माणसं आधी मोटारीभोवती एक फेरी मारत, काचेतून आत डोकावत, मग ओसरीवर येऊन माझ्या हातचा चहा पीत आणि आपापलं मत देऊन जात. मोटार जुनी आहे, रंग गेलेला आहे, पण अंगानं दणकट आहे, असं म्हणत. माझ्याबद्दल काय म्हणत ते मला कुणी सांगितलं नाही.

माझं सासर चिखलीहून देऊळगाव राजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, म्हणजे घाटावर. माहेर वडनेर भोलजी, म्हणजे घाटाखाली. घाटावरच्यांना वाटतं की घाटाखालची माणसं उन्हानं करपलेली असतात, आणि आम्ही म्हणतो की घाटावरचे लोक दगडात पेरतात आणि मग आभाळाकडे बघत बसतात. ही थट्टा मी उंबरा ओलांडल्या दिवसापासून चालू होती. मी गप्प बसणाऱ्यातली नव्हते, आणि सासरच्यांनाही गप्प बसणारी सून आली असती तर करमलं नसतं.

मोटार आणली होती मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. जवळच्या गावातल्या एका मोठ्या जमीनदाराच्या गोठ्यात ती उभी होती. मामंजींनी तिच्या बदल्यात आपली बैलजोडी दिली. चांगली, उमेदीतली जोडी. गावातले लोक म्हणाले, ह्यानं चालणारे दोन दिले आणि बसणारं एक आणलं. मामंजींना हे बोलणं फार झोंबलं होतं, पण मोटार चालत होती तोवर ते मिशांतल्या मिशांत हसत होते.

आत्याबाई मात्र हसत नव्हत्या. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. ते दोन्ही बैल त्यांनी वासरं असल्यापासून वाढवले होते. जोडी गेली त्या दिवसापासून त्यांनी मोटारीकडे सरळ नजरेनं पाहिलं नाही. अंगण झाडतानासुद्धा मोटारीच्या भोवतालचा चौकोन तेवढा सोडून झाडत. तो मग मी झाडायचे.

महिनाभर मोटार बरी चालली. उन्हाळ्याच्या शेवटी तिच्या पोटातून ठकठक असा आवाज यायला लागला. आधी चढावर, मग सपाटीवर, मग उभ्या उभ्यासुद्धा. पोळ्याच्या सुमाराला ती अंगणात येऊन थांबली ती थांबलीच. आमच्या ह्यांनी बॉनेट उघडून कान लावला आणि सांगितलं, मेन बेअरिंग गेलं.

हे चिखलीच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. कापूस यायला लागला की जिन सुरू, कापूस संपला की बंद, आणि मग पावसाळाभर घरी. यंत्र उघडायचं म्हटलं की ह्यांचा चेहरा जत्रेला निघाल्यासारखा व्हायचा. मला समजावं म्हणून त्यांनी चुलीपुढे कोळशानं जमिनीवर चित्र काढून दाखवलं. इंजिनाच्या पोटात एक जाड, वेडावाकडा वळलेला लोखंडी दांडा आडवा पडलेला असतो, त्याला क्रँक म्हणतात. सगळं इंजिन त्यालाच फिरवतं आणि तोच चाकांना फिरवतो. तो ज्या ठिकाणी टेकतो, तिथं मऊ धातूच्या अर्ध्या वाट्या असतात, एक वरून आणि एक खालून. खालची वाटी जागेवर राहावी म्हणून तिला लोखंडाची टोपी असते, बोल्टांनी आवळलेली. वाट्या झिजल्या की दांडा आत खुळखुळतो. मी म्हटलं, एवढंच ना, मग वाट्या बदला. हे म्हणाले, एवढंच, पण ह्या एवढंच्यासाठी लोक मोटार अकोल्याला नेतात.

मामंजींनी अकोल्याला न्यायचं नाव काढलं नाही. एके दिवशी ओट्यावर बसून त्यांनी ह्यांना समोर बोलावलं. मी आत भाकरी थापत होते, दार अर्धं उघडं होतं. जिनातला ह्यांचा एक सोबती कल्याणला कारखान्यात लागला होता आणि त्यानं निरोप धाडला होता की दिवाळीच्या आधी ये, बारमाही काम आहे. तिथं एका खोलीत आठ-दहा जण राहत. बायका गावी. हे मला ठाऊक होतं आणि मी त्याचा विचार न करण्याचा विचार केला होता.

मामंजी म्हणाले, "दसऱ्याले हे मोटार आपल्या पायानं देऊळगावच्या बालाजीले गेली अन् आपल्या पायानं वापस आली, त तू रहा इथंच. सवाऱ्या ने, सवाऱ्या आन, पोट भर. तिले बैल जुपून आना लागले, त तू कल्यानले जाय. मंग मी हिच्यात कोंबड्या ठेवतो."

हे मान हलवून फक्त "हाव" म्हणाले. माझी भाकरी तव्यावर करपली. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. मला हे इथं हवे होते, दुसरं काहीही नको होतं, आणि ते ठरणार होतं एका झिजलेल्या वाटीवर.

आत्याबाई त्या वेळी विहिरीवर होत्या. त्यांना ही अट कुणी सांगितली नाही. आमच्या घरात मोठ्या गोष्टी पुरुष ठरवत आणि बायकांना त्या कळतील तेव्हा कळत. हे मला म्हणाले की मायला सांगू नको, ती आधीच बैलांसाठी झुरते आहे, त्यात लेक जायची भीती कशाला. मी तोंडाला कुलूप लावलं. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल ते माझ्या माहेरच्यांना विचारावं.

दुसऱ्याच दिवशी अंगणातल्या कडुनिंबाला जिनातून मागून आणलेली साखळी-कप्पी टांगली गेली. अर्धं गाव जमलं. मोटारीच्या पोटातून इंजिन वर आलं, हवेत झुललं आणि बाभळीच्या दोन ओंडक्यांवर उताणं निजलं. तळाचं झाकण काढल्यावर क्रँक दिसला. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल. तो निवांत पडला होता, काळ्या तेलात न्हालेला. मला तो आवडला, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

नव्या वाट्या हे अकोल्याहून घेऊन आले. कागदात गुंडाळलेल्या, रुपेरी, नव्या जोडव्यांसारख्या लखलखीत. त्या जुन्या काळच्या इंजिनात वाट्या आणून नुसत्या ठेवून चालत नसे. दांड्याला सगळीकडून सारख्या टेकतील अशा त्या घासून बसवाव्या लागत. ह्यांनी त्याची रीत सांगितली. दांड्यावर शेंदूर तेलात कालवून अगदी पातळ लावायचा. वाटी आणि टोपी बसवून आवळायची, दांडा एक-दोन फेरे फिरवायचा आणि पुन्हा उघडायचं. वाटीवर जिथं शेंदूर उमटला तिथं ती उंच आहे. तेवढंच धारेच्या पात्यानं हलकेच खरवडायचं. मग पुन्हा शेंदूर, पुन्हा आवळणं, पुन्हा उघडणं. शेंदूर सगळ्या वाटीभर सारखा उमटेपर्यंत.

शेंदूर आत्याबाईंच्या देवघरात होता. मी जाऊन म्हटलं की ह्यांना शेंदूर हवा आहे. त्यांचा चेहरा उजळला. लेकाला शेवटी मारुती आठवला असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी पुडीची पुडी माझ्या हातावर ठेवली आणि वर तेल घेऊन जा असंही सांगितलं. मीही खुलासा करायला थांबले नाही.

ह्यांचा हात भारी. जिनातल्या मोठ्या यंत्रांची सवय असलेला. पहिली वाटी त्यांनी अशी खरवडली की एका बाजूनं खड्डाच पडायची वेळ आली. मी शेजारी उभी राहून बघत होते. मी म्हटलं, अहो, तुम्ही वाटी घासताय की नांगरताय. ते चिडले आणि पातं माझ्या हातात देऊन म्हणाले, "मंग तूच कर वं, घाटाखालची."

मी केलं. लाल ठिपका जेवढा, तेवढंच पातं चालवायचं, त्याच्या पलीकडे नाही. सकाळी सडा-रांगोळी झाली की मी इंजिनापाशी जायची आणि स्वयंपाकाची वेळ झाली की हात राखेनं धुऊन घरात यायची. बोटांच्या पेरांत शेंदूर राहायचाच. भाकरीच्या पिठात एकदा लाल ठसा उमटला तेव्हा मामंजींनी ती भाकरी उलटून पाहिली आणि खाल्ली.

खरं सांगायचं तर ते दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस आहेत. त्या काळी नव्या सुनेनं दिवसाढवळ्या, चारचौघांत नवऱ्याशी बोलत बसायचं नसे. पाणी हवं का, जेवायला वाढू का, एवढंच. इंजिनानं आम्हाला बोलायला निमित्त दिलं. मी विचारायची, हा ठिपका घेऊ की राहू देऊ. हे वाकून बघत आणि म्हणत, घे. पुन्हा विचारायची. अंगणात, भर उजेडात, सगळ्यांच्या देखत, आम्ही दोघं एका वाटीवर डोकं लावून बसायचो आणि कुणाला नावं ठेवायला जागा नव्हती, कारण काम चाललं होतं. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं की सुनेले काऊन एवढं घासायला लावून राह्यला, तेव्हा हे म्हणाले की तिच्या हाताले अक्कल हाय. सबंध संसारात ह्यांनी माझी एवढी उघड स्तुती पुन्हा केल्याचं मला आठवत नाही.

क्रँकला चार ठिकाणी टेकू होता, म्हणून टोप्या चार. पुढची आणि मागची वेगळ्या घडणीच्या, त्या आंधळ्यालाही ओळखू आल्या असत्या. मधल्या दोन मात्र जुळ्या बहिणींसारख्या. प्रत्येक टोपी तिच्याच जागी आणि त्याच दिशेनं बसायला हवी, कारण तिच्यातली वाटी आम्ही त्या जागेपुरतीच घासली होती. चुकीची बसवली तर क्रँक जखडेल, नाहीतर फिरेल आणि रस्त्यात जळेल. म्हणून ह्यांनी टोप्यांवर खडूनं आकडे आणि बाण काढले आणि त्या पोत्यावर ओळीनं मांडून ठेवल्या. छिन्नीनं खुणा करा असं मी म्हटलं होतं. हे म्हणाले, आता उद्या तर बंद करायचं आहे, खडू पुरे.

तो उद्या म्हणजे खंडेनवमी.

सकाळी हे झाकणाखाली घालायचं बुचाचं पॅकिंग आणायला चिखलीला गेले. यष्टीनं जायचं, दुपारच्या आत यायचं, इंजिन बंद करायचं आणि दसऱ्याच्या सकाळी ते मोटारीत उतरवायचं, असा बेत होता. मामंजी शेतावर गेले. मी झेंडू आणि आंब्याचे डहाळे आणायला मळ्यात गेले आणि तिथं एका चुलत जावेशी गप्पांत थोडी रमले.

परत आले तर अंगणात पूजा मांडलेली.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी अवजारं धुऊन पुसून पुजतात. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, खुरपी, पावशी म्हणजे विळी, सगळी. आत्याबाईंनी ती सारवलेल्या जागेवर अर्धचंद्रासारखी लावली होती. आणि बरोबर मधोमध, पाटावर, आंब्याच्या पानांवर, आमच्या चारही टोप्या. त्यांच्या भोवती आवळायचे लोखंडी पाने, बोल्ट आणि खरवडायचं पातं. टोप्या चिंचेनं आणि राखेनं घासून लखलखीत केलेल्या. खडूचा मागमूस नाही. वरून हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं एकेक फूल. वाट्या टोप्यांतच बसलेल्या होत्या, त्यांच्यावरही गंध. जुन्या झिजलेल्या वाट्या आत्याबाईंनी हळदी-कुंकवासाठी वापरून पाहिल्या होत्या, पण त्या दोन्ही बाजूंनी उघड्या असल्यानं हळद सांडत होती आणि त्या वाट्या घडवणाऱ्याला त्या नावं ठेवत होत्या.

मी डोक्यावर झेंडूची पाटी घेऊन उभीच राहिले. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी पोटात हसू फुटत होतं, आणि दोन्ही एकदम येत असल्यामुळे एकही धड येईना.

मागून हे आले. हातात पॅकिंगची गुंडाळी. त्यांनी पूजा पाहिली, आईकडे पाहिलं, पुन्हा पूजेकडे पाहिलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. ते खाली बसले आणि हळूच म्हणाले, "माय, तू मोटारीची पूजा केली?"

आत्याबाई म्हणाल्या, "शेंदूर लावलेला देव तुम्ही असा पोत्यावर टाकून गेले. आज नवमी. मले कसं पाह्यवंल?"

मग सगळं उलगडलं. आमच्या गावात शेंदूर लावलेलं काहीही असो, बांधावरचा धोंडा असो की पारावरचा मारुती, तो देव. त्याला ओलांडत नाहीत, त्याच्याकडे पाठ करत नाहीत. सकाळी त्यांची नजर चुकून पोत्यावर गेली आणि चार लाल देव उघड्यावर बसलेले दिसले. ज्या मोटारीकडे त्यांनी महिनोन्‌महिने पाहिलं नव्हतं, तिच्या पोटातले देव त्यांनी उचलले, न्हाऊ घातले, फुलं वाहिली. अशा आईवर कोण रागावणार. ह्यांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आत्याबाईंना वाटलं पोरगा पूजेला नमस्कार करतो आहे, त्यांनी त्याला थोडं सरकून करायला सांगितलं.

पण अडचण एकच नव्हती. टोप्यांचा क्रम गेला, ते झालंच. त्याहून मोठी गोष्ट अशी की पुजलेलं अवजार दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी उचलत नाही. आमच्याकडे त्या दिवशी भाजी चिरायलासुद्धा विळी घेत नाहीत. आणि पाने सगळे पाटाभोवती, कुंकू लावून बसलेले. उद्याची पूजा होऊन अवजारं मोकळी होईपर्यंत दुपार, त्यानंतर इंजिन बंद करायचं, मोटारीत उतरवायचं, आणि देऊळगावला जाऊन यायचं. कसं जमणार होतं?

तेवढ्यात मामंजी शेतावरून आले. त्यांना प्रकार कळला तेव्हा ते पूजेभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले की आज कोणी पान्याला हात लावणार नाही, आणि उद्याची गोष्ट ठरल्याप्रमाणे. हे उठून निंबाच्या बुंध्याशी जाऊन बसले आणि पॅकिंगची गुंडाळी उलगडून पुन्हा गुंडाळत राहिले.

इथं माझा संताप झाला. कुणावर ते मला आजही सांगता येणार नाही. देवावर नाही, आत्याबाईंवर तर नाहीच. मी झेंडूची पाटी आपटली आणि सासऱ्यांच्या देखत, डोक्यावरचा पदरसुद्धा न सावरता, आत्याबाईंना सगळं सांगून टाकलं. ही अट, ते कल्याण, ती आठ-दहा जणांची खोली. म्हटलं, उद्या ही मोटार चालली नाही तर तुमचा लेक घरात राहणार नाही, आणि हे तुम्हाला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

आत्याबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मामंजींकडे. मामंजी पायातल्या वहाणेचा अंगठा नीट करू लागले.

आत्याबाई म्हणाल्या, "देव कायसाठी पुजतो मी? लेकरू घरात राहावं म्हनून. देवाच्या पायी लेकरू घराबाहेर धाडतेत का कोनी?"

मग त्या पाटापुढे बसल्या. मुठीत अक्षता घेतल्या, त्या चार टोप्यांवर, पान्यांवर वाहिल्या, पाट उत्तरेकडे बोटभर सरकवला. म्हणजे उत्तरपूजा केली. गणपती उठवतात तशी. नांगर, विळे, कुऱ्हाड सगळं जागच्या जागी राहू दिलं, त्यांची पूजा उद्या उठणार होती. फक्त मोटारीचे देव त्यांनी आज उठवले. "पूजा माही होती, मीच उठवली," असं मामंजींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, आणि पहिली टोपी स्वतः उचलून लेकाच्या हातात दिली.

मामंजींना हे बघायचं नव्हतं आणि अडवायचंही नव्हतं. ते पारावर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत तिकडून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता, पण ते घराकडे फिरकले नाहीत.

आता मधल्या दोन टोप्यांपैकी कुठली कुठे, आणि तोंड कुणीकडे. हे डोकं धरून बसले. मला मात्र एकदम सोपं वाटलं. म्हटलं, ज्या शेंदरानं घोटाळा केला त्यालाच विचारू. जी वाटी जिथं घासली, तिथं ती बसवली तर शेंदूर सगळीभर सारखा उमटेल. दुसरीकडे बसवली तर कुठेतरी एकाच कडेला उमटेल. हे माझ्याकडे बघत राहिले आणि मग एवढे हसले की पारावरचा खोकला थांबला.

आधी सगळ्यांवरची हळद, कुंकू, अक्षतांचे कण रॉकेलनं धुऊन काढले. एकही कण आत राहिला असता तर त्यानं नव्या वाटीला ओरखडा पाडला असता. धुण्याचं काम आत्याबाईंनी अंगावर घेतलं. कोपऱ्याकोपऱ्यात काडीला फडकं गुंडाळून त्यांनी ते असं पुसलं, जसं तान्ह्या बाळाचे कान पुसतात. मग शेंदराची नवी पुडी त्यांनीच आणली. ह्या वेळी कुणाला हवी आहे ते विचारलं नाही.

पहिल्यांदा बसवली ती चुकली. लाल पट्टा फक्त एका कडेला. दिशा फिरवून बसवली, पट्टा दुसऱ्या कडेला गेला. मग ती काढून जुळी बहीण तिच्या जागी बसवली, आवळली, हे दांडा फिरवू लागले, आणि तो फिरताना टोपीवर ठेवलेल्या माझ्या हाताला कळलं की ही बरोबर बसली. उघडलं तर सगळ्या वाटीवर बारीक लाल ठिपके, कडेपासून कडेपर्यंत. माझेच खरवडलेले ठिपके. ओळखीचं माणूस बाजारात दिसावं तसं मला झालं. मी आत्याबाईंच्या गळ्यात पडले. त्या म्हणाल्या की तेलाचे हात लुगड्याला लावू नको, आणि स्वतःच्या तेलाच्या हातांनी मला धरून ठेवलं.

दिवेलागणीच्या आत चारही टोप्या आवळून झाल्या आणि तळाचं झाकण बसलं.

दसऱ्याच्या सकाळी पुन्हा अर्धं गाव. कप्पीची साखळी करकरली, इंजिन मोटारीत उतरलं. तेल भरलं, पाणी भरलं, नळ्या जोडल्या. हे हँडल मारायला लागले तर ते फिरता फिरेना. नवं बेअरिंग, अंग घट्ट. कुणीतरी बैल आणायचं म्हणालं तेव्हा मामंजींच्या आधी मीच नको म्हणून ओरडले. मग पोरांनी, बाप्यांनी ढकलायला सुरुवात केली. मारुतीच्या देवळापर्यंत ढकलली, तिथून उतार. उतारावर तिनं दोनदा शिंकल्यासारखं केलं, निळा धूर सोडला आणि सुरू झाली. ठकठक नाही. नुसती गुरगुर, सारखी, गोल. उताराच्या तळाशी गाडी उभी करून हे स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून रडत होते आणि मला कुणाची लाज वाटत नव्हती.

आत्याबाई मागच्या सीटवर माझ्याजवळ बसल्या, पहिल्यांदाच. मामंजी पुढे. देऊळगावपर्यंत हे बैलगाडीहून जरा जास्त वेगानं गेले. मधूनमधून थांबायचे, कान लावायचे, तेल मोजायची कांडी काढून बघायचे. नव्या बेअरिंगला पळवायचं नसतं. एका सायकलवाल्यानं आम्हाला मागे टाकलं आणि वळून बघून हात केला. आत्याबाईंनी त्याला आशीर्वाद दिल्यासारखा हात केला. बालाजीला दसऱ्याची मोठी गर्दी, दर्शन लांबून झालं. आत्याबाईंनी काय मागितलं ते विचारायची गरज नव्हती. मामंजी सगळा वेळ गप्प होते. जाताना गप्प, देवळात गप्प, परतीला गप्प. हे एकदा आरशातून माझ्याकडे बघत आणि एकदा शेजारी त्यांच्याकडे. मला कळेना आता अजून काय राहिलं आहे.

उन्हं कलली होती. आमच्या गावचा निंबोणीचा मळा दिसायला लागला आणि मामंजी म्हणाले, "थांबव."

ह्यांनी घाबरून गाडी बाजूला घेतली. विचारलं, काही आवाज आला का. मामंजी खाली उतरले. धोतर सावरलं, टोपी नीट केली आणि आम्हाला म्हणाले की तुम्ही इथंच थांबा, मी वेशीपाशी पोचलो की मग या. आणि पायी निघाले. आम्ही तिघं मोटारीत बसून त्यांची पाठ बघत राहिलो. मला वाटलं राग आहे. आत्याबाई म्हणाल्या की थांब, पाहू दे.

गावच्या वेशीपाशी सोनं लुटायला निघालेली माणसं जमली होती. हातांत आपट्याची पानं, नवे सदरे. मामंजी त्या घोळक्यात जाऊन मिसळले, त्यांच्यातलेच एक होऊन उभे राहिले आणि रस्त्याकडे तोंड केलं. मग ह्यांनी गाडी हळूहळू पुढे नेली. जवळ गेलो तसा घोळका दोन्हीकडे सरला आणि मामंजींचा आवाज मला काचेतून स्पष्ट ऐकू आला. ते शेजारच्या म्हाताऱ्याला, गावातल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट नव्यानं सांगत होते.

"हा माहा पोरगा हाय," ते म्हणत होते. "इथंच राह्यते."